तवांगचा परवाना

तवांगला जाऊन आल्यापासून आमच्या सोसायटीत माझी योग्यता एकाएकी वाढली आहे. वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो; परंतु ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी अडली म्हणून आजवर एकही शेजारी माझे दार ठोठावत आलेला नाही. आता मात्र रविवारी सकाळी चहाच्या वेळेला कोणी ना कोणी येतोच. हातात वही असते, पाठोपाठ कुटुंब असते, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "सर, तो परवान्याचा काय प्रकार आहे? आपल्याच देशात जायला परवाना कशाला लागतो म्हणे?"

एकच धडा किती वेळा घ्यायचा? म्हणून ठरवले की एकदा सगळे लिहूनच काढावे. मात्र आधीच सांगतो, की ही माहिती एका नापास विद्यार्थ्याने दिलेली आहे. परवान्याच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला सपशेल आपटलो, आणि त्याची किंमत मी नव्हे, माझ्या आईने मोजली.

आधी शेजाऱ्यांच्या शंकेचे उत्तर देतो. अरुणाचल प्रदेशात जाणाऱ्या बाहेरच्या प्रत्येक भारतीयाला 'इनर लाइन परमिट' काढावे लागते. मूळ कायदा इंग्रजांचा, १८७३ सालचा. डोंगराळ मुलखाच्या पायथ्याशी त्यांनी एक रेघ ओढली आणि परवान्यावाचून ती ओलांडायची नाही असे ठरवले. त्यात त्यांचा हेतू आपल्या व्यापाराचा होता. इंग्रज गेले, रेघ राहिली. पण तिचा अर्थ बदलला. तिथल्या लहान लहान जमातींच्या जमिनी, चालीरीती आणि भाषा बाहेरच्या लोंढ्यात वाहून जाऊ नयेत म्हणून ती आता राखली जाते. नागालँड, मिझोराम आणि २०१९ च्या डिसेंबरपासून मणिपूर, या राज्यांतही हाच नियम आहे. आमच्या कोकणातल्या घरी आलागेला ओटीवर बसे, ओळखीचा माजघरात येई, आणि देवघरात जायचे तर पाय धुवावे लागत. त्यात कोणाला अपमान वाटल्याचे मी ऐकले नाही. परवान्याचे तसेच समजावे.

आता मी तिथे का गेलो ते सांगितले पाहिजे. मला डोंगराची फारशी हौस नाही. हौस म्हणाल तर आईलाही नव्हती. आईचा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादामामा म्हणतो, लष्करात सिग्नल्समध्ये होता. मी त्याला फक्त फोटोत पाहिले आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात तो सेला खिंडीच्या बाजूला होता. त्या वर्षीची दिवाळी आली तेव्हा आई नऊ वर्षांची होती. भाऊबीजेला दादा घरी नव्हता. त्याची पाच रुपयांची मनीऑर्डर आली, तीही चार दिवस उशिरा. कुपनावर त्याने लिहिले होते, की या वर्षीचे ओवाळणे राहिले, पुढच्या वर्षी दोन्ही एकदम करू. नोव्हेंबरच्या १७ आणि १८ तारखांच्या मधल्या रात्री आपल्या सैन्याला सेला सोडावा लागला. दादामामा त्या माघारीत कुठे पडला ते कोणालाच सांगता आले नाही. घरी तार आली, एवढेच. देह आला नाही.

पुढे आई पोस्टात लागली आणि तीस वर्षे काउंटरवर बसली. दादाविषयी ती फारसे बोलत नसे. पण गेल्या वर्षी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, गणपती झाल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "तवांगला म्हणे सगळ्यांची नावं कोरली आहेत. या भाऊबीजेला मला तिथे घेऊन चल."

मी ताबडतोब तयारीला लागलो. आमच्या डॉक्टरांनी आईला तपासले, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही म्हणून बजावले आणि दोन अटी घातल्या: एका दिवसात फार उंच चढायचे नाही, आणि फार उंचावर रेंगाळायचे नाही. तवांगला जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने, आणि स्वतःला तरुण समजणाऱ्या प्रत्येक चाळिशीच्या माणसाने, आधी डॉक्टरांकडे जावे. तवांग गावच दहा हजार फुटांवर आहे.

परवाना घरबसल्या काढता येतो. अरुणाचल सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचे, थोडी फी भरायची. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी तिथेच पाहून घ्यावे. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये, माझ्याही नाही. तवांगच्या वाटेवर आधी वेस्ट कामेंग जिल्हा लागतो आणि मग तवांग, तेव्हा दोन्हींचा विचार करून अर्ज भरावा. मुदत मागताना परतीच्या तारखेपुढे दोन दिवस जास्तच धरावेत, कारण डोंगरात दरड कोसळली की वेळापत्रक तिच्या मर्जीने चालते. परदेशी नागरिकांना हा परवाना चालत नाही. त्यांचा वेगळा असतो. कोणाचा जावई अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर त्याची चौकशी आधी करावी.

एका रात्री जेवणे आटोपल्यावर मी तिघांचे अर्ज भरले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांना लाल शाईचे गोल करीत बसणारा मी माणूस. तेव्हा माझ्या हातून चूक होईल असे मला वाटलेच नाही. "अहो, एकदा वाचून तरी बघा," असे हिने म्हटले होते, हे इथे नमूद करायला हवे. न केल्यास हा अंक घरी आल्यावर ते होईलच.

मुंबईहून गुवाहाटीला आगगाडीने जायचे तर दोन रात्रींहून अधिक मोडतात. विमानाने सुमारे तीन तास. आम्ही विमान पत्करले. विमानतळावर आईच्या पिशवीतून एक काड्यापेटी निघाली आणि ती काढून घेण्यात आली. "हिला कशाला हवी होती?" मी हळूच हिला विचारले. ही काही बोलली नाही. सासूसुनांचे काही ठरलेले असावे, एवढे माझ्या लक्षात आले.

गुवाहाटीहून तवांग साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण सपाटीचे किलोमीटर आणि डोंगराचे किलोमीटर यांत फार फरक. पहिल्या दिवशी तेजपूर गाठावे. तिथून पहाटे भाड्याच्या सुमो निघतात. दहा माणसे भरतात, म्हणून आदल्या दिवशीच अड्ड्यावर जाऊन जागा राखावी. ज्यांना घाट लागतो त्यांनी मागचा बाक मुळीच घेऊ नये. काही सुमो एका दिवसात थेट तवांगला पोचवतात. वय झालेले माणूस बरोबर असेल तर हा पराक्रम करू नये. वाटेत दिरांगला मुक्काम करावा. दिरांग पाच हजार फुटांवर, नदीकाठी आणि उबदार आहे. पुढच्या चढणीआधी शरीराला तिथे सवय होते. वाटेतले बोमदिला आठ हजार फुटांवर असल्याने पहिल्या रात्रीला ते जरा जड जाते.

आमचा बेत असा होता: पाडव्याच्या दिवशी तेजपूर ते दिरांग, आणि भाऊबीजेला दुपारपर्यंत तवांग. कागदावर बेत सुरेख दिसत होता.

पहाटे निघालेली सुमो दोन तासांत भालुकपोंगला पोचली. इथे आसाम संपतो आणि कामेंग नदीच्या काठाने अरुणाचल सुरू होते. नाक्यावर सगळ्यांचे परवाने आणि ओळखपत्रे पाहतात. आमचे कागद पाहणारा शिपाई विशीतला पोरगा होता. त्याने आईचा परवाना एकदा पाहिला, आधारकार्ड एकदा पाहिले, परत परवाना पाहिला, आणि मला बाजूला बोलावून शुद्ध हिंदीत सांगितले, "सर, नंबर मिळत नाही."

खरेच मिळत नव्हता. शेवटून दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांची मी अदलाबदल केली होती. बाकी नाव, वय, फोटो सारे बरोबर होते.

मी त्याला समजावू लागलो. ही माझी आई आहे, बहात्तर वर्षांची आहे, दोन आकडे उलटे पडल्याने ती काही चिनी होत नाही, वगैरे. मग मी आवाज चढवला. मग, सांगायला लाज वाटते, मी प्राध्यापक असल्याचेही सांगितले. पोरगा नम्रपणे उभा होता. इतक्यात आई गाडीतून उतरून आली.

"अरे, त्याला कशाला बोलतोस?" ती म्हणाली. "तो बरोबर करतोय. मी काउंटरवर होते तेव्हा मनीऑर्डरच्या फॉर्मवर पत्ता चुकला तर माणसाला परत पाठवत होते. चुकीच्या पत्त्यावर पैसे गेले, की ते कोणाचेच राहत नाहीत."

सुमो आमच्यासाठी थांबणार नव्हती, आणि तिने का थांबावे? आमचे सामान खाली आले, भाडे बुडाले. पोराने स्वतःहून जवळचे झेरॉक्सचे दुकान दाखवले. तिथल्या मुलाने संगणकावर आईचा नवा अर्ज भरायला घेतला. आकडे या वेळी आईने स्वतः चष्मा लावून एकेक करून वाचून दाखवले. शेवटी त्याने विचारले, "येण्याचं कारण?"

"पर्यटन," मी म्हणालो.

"भाऊबीज," आई म्हणाली.

यादीत तसे कारण नव्हते. पर्यटनावरच खूण झाली.

परवाना दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ती रात्र आम्ही भालुकपोंगला काढली. पलीकडे कामेंगचे पाणी वाजत होते आणि मी हिशेब करीत होतो. आज मुक्काम इथे, उद्या, म्हणजे भाऊबीजेला, दिरांग, तवांग परवा. दोन आकड्यांनी भाऊबीज गेली होती. आईला काय सांगावे ते सुचेना. बासष्ट सालापासून राहिलेली गोष्ट मी एका रात्रीच्या घाईपायी आणखी लांबवली होती. म्हणून सर्वांना हात जोडून सांगतो: अर्ज भरल्यावर तो दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, परवान्याच्या आणि ओळखपत्राच्या तीन तीन प्रती जवळ ठेवा, आणि बेतात एक मोकळा दिवस ठेवा. तो बुडाला तर कामी येतो, उरला तर आराम होतो.

भालुकपोंगहून आम्ही पुढे स्वतंत्र गाडी केली. खर्च जास्त, पण हवे तिथे थांबता येते. गाडीवाला मोनपा जमातीचा होता. अरुणाचलात पाड्यापाड्यांची भाषा वेगळी, म्हणून एकमेकांशी बोलायलाही लोक हिंदी वापरतात. आपली अडचण होत नाही. वाटेत रोख पैसे जवळ असू द्यावेत, कारण यंत्रातून दर वेळी पैसे निघतीलच असे नाही. लोकरीचे कपडे पेटीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावेत. पावसाळ्यात दरडी आणि ऐन थंडीत बर्फ, म्हणून मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे. दिवस लवकर मावळतो. पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा निघायचे ते पहाटेच.

भाऊबीजेची रात्र दिरांगला गेली. आईने बाजारातून एक काड्यापेटी घेतली.

दुसऱ्या दिवशी सेला. ही खिंड १३,७०० फुटांवर आहे. २०२४ च्या मार्चपासून तिच्या पोटातून बोगदा झाला आहे. बाराही महिने रस्ता चालू राहावा म्हणून तो खणला. बर्फाच्या दिवसांत आणि ज्यांना विरळ हवेचा त्रास होतो त्यांनी बोगद्यानेच जावे. मी गाडीवाल्याला बोगद्याने चलायला सांगितले. आई म्हणाली, "येताना बोगद्यातून येऊ. जाताना वरून जायचं. बोगद्यातून गेले तर दादा कुठे होता ते दिसणार कसं?"

वरून गेलो. डॉक्टरांची अट होती म्हणून दहा मिनिटेच थांबलो. शेजारी तळे होते, वारा अंगातून आरपार जात होता. आईने दोन स्वेटर आणि वर शाल घेतली होती. ती काही वेळ डोंगराकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "सुती कपडे होते रे त्यांच्या अंगावर. आमच्याकडे बायका स्वेटर विणत होत्या, ते पोचेपर्यंत संपलं सगळं." बासष्टच्या हिवाळ्यात आपल्या कितीतरी जवानांना सुती गणवेशावर आणि कॅनव्हासच्या बुटांवर या उंचीवर चढवले गेले, हे मी पुस्तकांतून वाचले होते. वाचलेले आणि त्या वाऱ्यात उभे राहून ऐकलेले, यांत पुष्कळ अंतर आहे.

खिंड उतरल्यावर जसवंतगड लागतो. गढवाल रायफल्सच्या चौथ्या पलटणीचे रायफलमन जसवंतसिंग रावत इथे १७ नोव्हेंबर १९६२ रोजी लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. लष्कराचे जवान इथे येणाऱ्याजाणाऱ्याला गरम चहा देतात. तो घ्यावा, आणि कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी विचारावे. या साऱ्या मुलखात लष्करी ठाणी आणि पूल यांचे फोटो काढू नयेत.

तवांगला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. सामानासकट थेट स्मारकावर गेलो. चाळीस फुटी स्तूप आहे, बौद्ध पद्धतीचा, पताका लावलेला. कामेंगच्या आघाडीवर पडलेल्या २,४२० जणांची नावे काळ्या ग्रॅनाइटच्या फलकांवर कोरली आहेत. आम्ही तिघे तीन बाजूंनी शोधू लागलो. नाव हिला सापडले. तिने हाक मारली नाही. आईचा हात धरून तिथे नेले.

आईने पदराने नाव पुसले. ते स्वच्छच होते. मग पिशवीतून एक लहानसे तबक निघाले. त्यात निरांजन, सुपारी, अक्षता आणि दोन करंज्या. वारा सुटला होता. एक काडी विझली, दुसरी विझली. पहाऱ्यावरचा जवान जवळ आला. मला वाटले, इथे हे चालत नाही म्हणून सांगणार. त्याने तबकाकडे पाहिले आणि विचारले, "भैयादूज?" आई म्हणाली, "कल थी." तो खाली बसला आणि त्याने आपल्या दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. मग निरांजन लागले.

आईने दोनदा ओवाळले. एकदा बासष्टचे आणि एकदा पुढच्या वर्षीचे.

उतरताना मी म्हणालो, "आई, माझ्यामुळे एक दिवस उशीर झाला."

"त्याची मनीऑर्डर चार दिवस उशिरा आली होती," आई म्हणाली. "मी एकच दिवस उशिरा आले. तरी तोच मागे." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

राहिलेल्या एका दिवसात आम्ही मठ पाहिला. तवांगचा मठ १६८०-८१ सालचा, म्हणजे शिवाजीमहाराज निवर्तले त्या सुमारास उभा राहिलेला. सहावे दलाई लामा इथून जवळच उर्गेलिंगला जन्मले. तिबेटातून निघालेले सध्याचे दलाई लामाही १९५९ च्या मार्चअखेरीस याच जिल्ह्यातून भारतात आले. बुमला मात्र आमचा राहिला. चीनच्या हद्दीवरची ही खिंड १५,२०० फुटांवर आहे. तिथे जायला पहिला परवाना पुरत नाही. तवांगच्या उपायुक्तांच्या कचेरीतून आणि लष्कराकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते, ती आदल्या दिवशीच करावी. गाडी तवांगचीच करावी लागते, आणि फक्त भारतीयांना जाता येते. ही माहिती मी हॉटेलातल्या एका पुणेकर कुटुंबाकडून उतरवून घेतली. ते वाटेतला माधुरी तलावही पाहून आले होते. त्याचे खरे नाव सांगेत्सर. भूकंपात झालेले तळे, पाण्यात वठलेली झाडे उभी. 'कोयला' चित्रपटात आपल्या माधुरी दीक्षितने तिथे नृत्य केले आणि नाव पडले ते पडले. बुमला हुकल्याचे मला वाईट वाटत होते. आईला नव्हते. "मला कुठे चीन बघायचा होता?" ती म्हणाली. "मला दादा बघायचा होता."

परतताना भालुकपोंगच्या नाक्यावर तोच पोरगा होता. आईने त्याच्या हातावर एक करंजी ठेवली. त्याने ती घेतली, आणि मग आमचे परवाने मागून घेऊन नीट पाहिले.

तर एकूण असे आहे. परवा तळमजल्यावरचे कुटुंब माहिती विचारायला आले होते. मी परवाना, सुमो, दिरांग, स्वेटर सारे क्रमाने सांगितले. ते उठले तेव्हा आई आतून म्हणाली, "आणि काड्यापेटी इथून नेऊ नका हो. विमानात चालत नाही. दिरांगच्या बाजारात मिळते."